रात्री अडीचची चक्कर

कपाळावर चार टाके आणि डाव्या मनगटाला सूज, अशा अवस्थेत हे गृहस्थ माझ्यासमोर येऊन बसले. वय ६७. आदल्या रात्री अडीचच्या सुमारास लघवीला उठले, बाथरूमच्या दारापर्यंत पोचले आणि त्यानंतरचं आठवतं ते थेट फरशीवरचं. धप्प आवाजाने पत्नी जाग्या झाल्या. शुद्ध गेली ती काही सेकंदच. झटके नाहीत, जीभ चावली गेलेली नाही, छातीत दुखलं नाही. जिथे रात्री नेलं तिथे ईसीजी आणि डोक्याचा स्कॅन झाला, दोन्ही ठीक निघाले. टाके घातले, कागदावर 'पाय घसरून पडले' असं लिहिलं आणि घरी सोडलं.

पाय घसरला नव्हता. "फरशी कोरडी ठणठणीत होती, डॉक्टर," त्यांच्या पत्नींनी हे मला तीनदा सांगितलं. कागदावरच्या त्या तीन शब्दांचा त्यांना राग आला होता, आणि तो रास्त होता.

हे प्रकरण त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, औषधं आणि आकडे मात्र तेच ठेवले आहेत. यात एक चूक माझी आहे, तीही पुढे येईल.

रात्री उठताना चक्कर आलेल्या माणसाला मी आधी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगतो. 'सगळी' म्हणजे डॉक्टरांनी दिलेली, शेजाऱ्यांनी सुचवलेली, मेडिकलमधून आपणच आणलेली, सगळी. पिशवी टेबलावर उपडी केली. रक्तदाबाची टेल्मिसार्टन ८० मिलिग्रॅम. कोलेस्टेरॉलची एक गोळी. प्रोस्टेटची एक कॅप्सूल, जिच्यात दोन औषधं एकत्र होती: टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम आणि ड्युटास्टेराइड ०.५ मिलिग्रॅम. आणि तळाशी सर्दीच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी, जिचा उल्लेख त्यांनी आधी केला नव्हता. "ते काय औषध आहे होय," ते म्हणाले.

त्यांना पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब मोजला: १३८/८२. उभं करून एका मिनिटाने ११४/७२. तीन मिनिटांनी १०८/६८, आणि त्यांचा हात आपोआप टेबलाच्या कडेकडे गेला. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ती घसरण खरी मानतात. इथे वरचा ३० ने उतरला होता. पडण्याचं कारण मिळालं असं वाटलं. पण लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला. ही कॅप्सूल ते १४ महिने घेत होते. १४ महिने काही झालं नाही, मग कालच का?

या औषधांचं काम समजलं की पुढचं सोपं जातं. प्रोस्टेट वाढली की लघवीला दोन प्रकारे अडथळा होतो. एक म्हणजे ग्रंथीच्या आकारामुळे, आणि दुसरा म्हणजे ग्रंथीतले व मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू आवळून राहिल्यामुळे. टॅमसुलोसिन ते स्नायू सैल करतं आणि काही दिवसांतच धार सुधारते. ड्युटास्टेराइड ग्रंथीच लहान करतं, पण त्याला महिने लागतात. स्नायू सैल करणारा गट, म्हणजे अल्फा ब्लॉकर, मुळात रक्तदाबाच्या औषधांतून आला. प्राझोसिन, टेराझोसिन, डॉक्साझोसिन ही त्यातली जुनी नावं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही तसेच स्नायू असतात, तेही सैल पडतात, आणि माणूस झटकन उभा राहिला की रक्त पायांकडे राहतं. टॅमसुलोसिन प्रोस्टेटमधल्या ग्राहकांवर (पेशींवरच्या ज्या जागी औषध चिकटतं, त्यांवर) जास्त नेमकं काम करतं, म्हणून ते सुरक्षित समजलं जातं. जुन्यांच्या मानाने ते आहेही. पण 'जास्त नेमकं' म्हणजे 'फक्त तिथेच' नव्हे. पहिल्या मात्रेनंतर, मात्रा वाढवल्यावर, आणि बरेच दिवस बंद ठेवून पुन्हा सुरू केल्यावर शरीर सर्वात कच्चं असतं.

म्हणून विचारलं, "मध्ये कॅप्सूल चुकली होती का?"

"नाही. रोज घेतो."

हे गृहस्थ आयुष्यभर हिशेब तपासण्याच्या कामात होते. औषधाच्या पाकिटावर तारीख घालायची त्यांची सवय. ३० कॅप्सूलचं ते पाकीट त्यांनी ३३ दिवसांपूर्वी फोडलं होतं, तसं पेनाने लिहिलं होतं. ते केव्हाच संपायला हवं होतं. आत ९ कॅप्सूल शिल्लक होत्या. मी काही न बोलता त्या त्यांच्यासमोर मांडल्या. ते थोडा वेळ बघत राहिले, मग हसले. "हिशेब लागत नाही, असं म्हणायचंय ना तुम्हाला?" ३३ दिवसांत २१ कॅप्सूल. बारा दिवस चुकले होते.

त्यांनी पत्नींना बाहेर बिलाचं विचारून यायला सांगितलं. दार लागल्यावर आवाज खाली आणून त्यांनी खरं कारण सांगितलं. सहा-सात महिन्यांपासून संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर येतच नव्हतं. ताठरता ठीक, इच्छाही होती, समाधानाची जाणीवही व्हायची, पण बाहेर काही नाही. त्यांनी स्वतःशी अर्थ लावला की आत काहीतरी कायमचं बंद पडलं, कदाचित कॅन्सर. कुणाला विचारणार? मग एका मित्राकडून 'कॅप्सूलमुळे होतं' असं कानावर आलं आणि त्यांनी ती गुपचूप बंद केली. घरी सांगितलं नाही, कारण कारण सांगावं लागलं असतं.

बारा दिवसांत लघवीचा त्रास परतला. धार बारीक, तुटक, रात्री चारदा उठणं. बाराव्या दिवशी संध्याकाळी तर बराच वेळ उभं राहूनही लघवी होईना. तुंबेल आणि नळी घालावी लागेल या धास्तीने त्यांनी रात्री दहाला कॅप्सूल घेतली. पोटात गडबड होती म्हणून त्या रात्री जेवले नव्हते.

टॅमसुलोसिन रोज एकाच ठरलेल्या जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यायचं, असं जे सांगतात ते पोट बिघडू नये म्हणून सांगत नाहीत. रिकाम्या पोटी घेतलं तर ते जास्त शोषलं जातं आणि रक्तातला त्याचा कळस ४० ते ७० टक्क्यांनी उंच जातो. शिवाय तो लवकर येतो: जेवणानंतर घेतल्यास सहा-सात तासांनी, उपाशीपोटी चार-पाच तासांनी. दहाला घेतलेली कॅप्सूल, अडीचची चक्कर. साडेचार तास.

त्यात भर टेल्मिसार्टनची. आणि इथे माझी चूक.

अडीच आठवड्यांपूर्वी ते माझ्याकडे आले होते. रक्तदाब १५६/९० होता. मी टेल्मिसार्टन ४० चं ८० केलं. बसवून मोजलं होतं. उभं करून मोजलं नाही. अल्फा ब्लॉकर घेणाऱ्या ६७ वर्षांच्या माणसाच्या बाबतीत ते करायलाच हवं होतं. रक्तदाब अचानक का चढला हेही विचारलं नाही. उत्तर पिशवीच्या तळाशी होतं. टॅमसुलोसिनने नाकातल्या रक्तवाहिन्याही सैल होतात आणि काहींचं नाक चोंदतं. यांचं चोंदलं. त्यांना ती जुनाट सर्दी वाटली. मेडिकलमधून आणलेल्या गोळीत नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन होतं, जे रक्तवाहिन्या आवळतं आणि रक्तदाब चढवू शकतं. सोबत क्लोरफेनिरामिन होतं, जे झोप आणतं आणि मूत्राशयाचा जोर कमी करतं. झोप छान लागते म्हणून ते ती गोळी बऱ्याच रात्री घेत होते. प्रोस्टेटची कॅप्सूल बंद असताना फेनिलेफ्रिनने मूत्राशयाचं तोंड आवळलं आणि क्लोरफेनिरामिनने ढकलणारी ताकद काढून घेतली. बाराव्या दिवशीच्या त्या तुंबण्यात या गोळीचा वाटा मोठा असावा.

म्हणजे कॅप्सूलने नाक चोंदलं, नाकासाठी गोळी आली, गोळीने रक्तदाब चढला असावा, रक्तदाबासाठी मी मात्रा वाढवली, आणि वीर्याबद्दल कुणीच न बोलल्यामुळे कॅप्सूल आधी बंद झाली आणि मग भीतीने एकदम सुरू झाली. १४ महिन्यांत त्यांना मी दोनदा, मूत्रविकारतज्ज्ञांनी दोनदा तपासलं होतं. चारही वेळा कागदावर तेच: प्रोस्टेटचं औषध तेच चालू. मी स्वतः तसं दोनदा लिहिलं होतं. लघवीची धार विचारली, रात्री किती वेळा उठता ते विचारलं. शय्येबद्दल एकदाही विचारलं नाही. पत्नी शेजारी बसल्या होत्या, वेळ कमी होता, शिवाय वयाचा एक आदरयुक्त संकोच असतो. त्या संकोचाने त्यांच्या कपाळावर चार टाके पडले, असं मी मानतो.

वीर्याचं जे झालं त्यात धोका काही नव्हता. मूत्राशयाचं तोंड सैल राहिल्याने वीर्य मागे मूत्राशयात जातं किंवा मुळात फारसं बाहेर ढकललं जात नाही. ड्युटास्टेराइडनेही त्याचं प्रमाण घटतं. ग्रंथी किंवा मूत्राशय यामुळे बिघडत नाही. त्यांना हे दोन मिनिटांत सांगून झालं. ही दोन मिनिटं १४ महिन्यांपूर्वी का मिळाली नाहीत, हे त्यांनी विचारलं नाही. मीच विचारत बसलो. ड्युटास्टेराइड आणि त्याचं भावंड फिनास्टेराइड यांनी काहींची इच्छा किंवा ताठरता कमी होते, छाती दुखरी होते वा वाढते, काहींचं मन खिन्न होतं. यातलं यांना काही नव्हतं. छातीची तपासणी मात्र मी त्याच दिवशी केली.

आता काय करायचं? टॅमसुलोसिनच्याच गटातलं सिलोडोसिन रक्तदाबावर सौम्य म्हणून नावाजलेलं आहे, पण वीर्य बाहेर न येण्याची तक्रार त्याच्या चाचण्यांत शंभरातल्या सुमारे २८ जणांना होती. यांच्यासाठी ते आगीतून फुफाट्यात. याच गटातल्या अल्फुझोसिनने ही तक्रार बऱ्याच कमी जणांना होते, तो एक पर्याय होता. पण मला दुसरंच बघायचं होतं. सुरुवातीला त्यांची ग्रंथी सोनोग्राफीत ५२ मिलिलिटर होती. ड्युटास्टेराइडला १४ महिने मिळाले होते; बारा दिवसांच्या खंडाने ते रक्तातून जात नाही, कारण नियमित घेतल्यावर त्याचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे पाच आठवडे असतं. (हे औषध घेणाऱ्याने शेवटच्या मात्रेनंतर सहा महिने रक्तदान करू नये असं म्हणतात ते याच कारणाने.) म्हणजे ग्रंथी बारीक करणारं औषध आपलं काम करत होतं. मग स्नायू सैल करणाऱ्याची गरज उरली होती का? आधी दोन्ही द्यायची आणि ग्रंथी आक्रसल्यावर टॅमसुलोसिन काढून पाहायचं, ही रीत जुनी आहे. बऱ्याच जणांचं भागतं. मूत्रविकारतज्ज्ञांशी फोनवर बोललो. एकत्र कॅप्सूल बंद केली, ड्युटास्टेराइड एकटं चालू ठेवलं, टेल्मिसार्टन पुन्हा ४० वर आणलं, सर्दीची गोळी कचऱ्यात गेली. पहिले काही आठवडे रात्री बेडच्या कडेवर मिनिटभर बसून मगच उठायचं आणि लघवी बसून करायची, एवढी शिस्त सांगितली. लघवी पूर्ण अडली तर वाट न पाहता यायचं, हेही.

त्यांची लक्षणं सात प्रश्नांच्या नेहमीच्या गुणपत्रिकेवर मोजत होतो. ० ते ३५ पैकी ७ पर्यंत सौम्य, १९ पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. औषधापूर्वी २१ होते, दोन्ही औषधांवर ९ झाले होते. टॅमसुलोसिन काढल्यावर सहा आठवड्यांनी १२. धार थोडी मंदावली, रात्री एकाऐवजी कधीकधी दोनदा उठणं. उभ्याने रक्तदाब १२८/७८. वीर्य पूर्वीपेक्षा कमी, पण परत आलं. "बारा चालतील," ते म्हणाले. ९ चे १२ होणं हा मला तोटा वाटला होता. त्यांना तो सौदा वाटला. हिशेब त्यांचा, निर्णयही त्यांचाच.

इथवर प्रकरण संपलं असतं. पण जुने अहवाल चाळताना पीएसएचे तीन कागद हाती लागले. पीएसए म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन; त्याचा आकडा चढणं ही कॅन्सरची खूण असू शकते. औषधापूर्वी ४.२. सात महिन्यांनी २.०. पडण्याच्या दहा दिवस आधी २.९. तिसऱ्या कागदावर, मर्यादेबाहेरच्या आकड्यापुढे प्रयोगशाळा घालते ती चांदणी नव्हती, मर्यादा ४ छापलेली होती, आणि त्यावर कुणीतरी बरोबरची खूण केली होती.

ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइडवर सहा महिन्यांनी पीएसए साधारण निम्मा होतो. म्हणून तो आकडा वाचताना दुप्पट करायचा: २.९ म्हणजे सुमारे ५.८. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, या औषधांवर गाठलेल्या नीचांकावरून पीएसए वर चढू लागला तर तो छापील मर्यादेत असला तरी चौकशी करायची. २.० वरून २.९ हा चढ होता. पहिली शंका अर्थातच चुकलेल्या कॅप्सूलची. पण तपासणीच्या वेळी त्यांचे दोनच दिवस चुकले होते, आणि पाच आठवडे अर्धायुष्य असलेलं औषध दोन दिवसांत उतरत नाही. लघवीत जंतुसंसर्ग नव्हता. सहा आठवड्यांनी, औषध रोज घेतल्याचं पाकिटावरून मोजून, पुन्हा तपासलं: ३.१.

बोटाने तपासणी, एमआरआय, संशयित जागेची बायोप्सी. लहानशी, सर्वात कमी आक्रमक प्रतीची कॅन्सरची गाठ निघाली. तिला आत्ता हात लावायचा नाही, ठरावीक अंतराने पाहत राहायचं, असं मूत्रविकारतज्ज्ञांनी ठरवलं. ती औषधामुळे झाली का, हे त्यांच्या पत्नींनी विचारलं. तसं म्हणायला काही आधार नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या फिनास्टेराइडच्या मोठ्या चाचणीत औषध घेणाऱ्यांत एकूण कॅन्सर सुमारे चतुर्थांशाने कमी आढळले होते. आक्रमक प्रकारचे मात्र थोडे जास्त दिसले, त्यावर बरीच वर्षं वाद झाला आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या गटाच्या माहितीपत्रकात त्याची सूचना घालायला लावली. २०१३ च्या दीर्घ पाठपुराव्यात मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. मी त्यांना एवढंच म्हणालो की औषधाने गाठ आणली नाही, पण खूण झाकली होती; ती खूण कशी वाचायची हे माहीत असतं तर ती दोन महिने आधी दिसली असती.

शेवटची गोष्ट मी जवळजवळ विसरलोच होतो. पुढच्या महिन्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. तिथल्या फॉर्मवर त्यांनी रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी लिहिली होती, प्रोस्टेटची नाही. डोळ्याचा आणि लघवीचा काय संबंध? संबंध आहे. बाहुली मोठी करणाऱ्या स्नायूत प्रोस्टेटमध्ये असतात तेच ग्राहक असतात. टॅमसुलोसिन घेतलेल्या बऱ्याच जणांत ऑपरेशनच्या वेळी बुबुळाचा पडदा ढिला पडून लाटेसारखा हलतो, जखमेतून बाहेर येऊ पाहतो आणि बाहुली मध्येच आकसते. डेव्हिड चँग आणि जॉन कॅम्पबेल या नेत्रशल्यविशारदांनी हे २००५ मध्ये मांडलं, तोवर ऑपरेशन करणाऱ्यांना हे अधूनमधून भेटायचं आणि कारण कळायचं नाही. औषध बंद केल्याने धोका भरवशाने जात नाही. कधीकाळी घेतलं असेल तरी सांगायचं. यांनी टॅमसुलोसिन सोडून दोन महिने झाले होते, तरी मी चिठ्ठी दिली. बाहुली आकसलीच. शल्यविशारदांनी ती उघडी धरणारी कडी तयार ठेवली होती, ती बसवली, ऑपरेशन व्यवस्थित झालं. मला त्यांचा फोन आला तो दोन वाक्यांचा, पण चिठ्ठीबद्दल आभार मानणारा.

परवा ते पाठपुराव्याला आले. रक्तदाबाच्या वहीत आता प्रत्येक ओळीला तीन रकाने आहेत: आडवं, बसून, उभं. पीएसएच्या पानावर छापील आकड्यापुढे पेन्सिलीने दुप्पट आकडा लिहिलेला. मागच्या पानावर औषधांची यादी, आणि टॅमसुलोसिनच्या नावावर रेघ मारलेली नाही. पुढे 'घेत होतो' असं लिहून सुरू आणि बंद केल्याच्या तारखा. पत्नी शेजारी बसल्या होत्या. मी त्यांना बाहेर पाठवण्यासाठी निमित्त शोधत होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "मला माहितीय सगळं. विचारा तुम्ही."